हिवाळ्यांतला ‘सोपा’ डोंगर

दिवाळीचे कंदील उतरले आणि पहाटे पांघरूण ओढून घ्यावेंसें वाटूं लागलें, कीं दादरच्या शिवाजी पार्काच्या कट्ट्यावर एक सिद्धांत दरवर्षीं नव्यानें प्रतिपादिला जातो. पावसाळ्यांत डोंगर धोक्याचा. हिवाळ्यांत तो सोपा. हा सिद्धांत मांडणारे गृहस्थ बहुधा सुशिक्षित असतात, त्यांच्या पायांत किंमती बूट असतात, आणि मैदानाच्या कडेकडेनें रोज चार फेऱ्या घालीत असल्यामुळें आपल्या पायांविषयीं त्यांचें मत फार चांगलें असतें. शनिवारीं रात्रीं याच कट्ट्यापाशीं खासगी गाड्या येऊन उभ्या राहतात. पाठीवर पिशव्या घेतलेलीं तीस-चाळीस माणसें त्यांत चढतात. आणि दुसऱ्या दिवशीं दुपार होण्यापूर्वींच पनवेलजवळच्या कलावंतीण सुळक्याच्या माथ्यावरचीं त्यांचीं छायाचित्रें दादर-माहीमच्या घराघरांत पोंचलेलीं असतात. छायाचित्रांत सर्व जण हंसत असतात. माथ्यावरून खालीं उतरतांना काढलेलें छायाचित्र आमच्या पाहण्यांत अद्याप आलेलें नाहीं.

आधींच सांगून टाकतों: डोंगरावर जाऊं नये असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नाहीं. गुडघे कुरकुरूं लागण्यापूर्वीं आम्हींही याच मैदानाजवळून कित्येक हिवाळ्यांत रात्रीच्या गाड्या धरल्या आहेत, आणि ‘अहो, अगदींच सोपा आहे’ हें वाक्य नवख्यांना आम्हींही ऐकविलें आहे. त्या पापाचा वांटा आमच्याकडेही येतो, म्हणूनच लेखणी हातीं घेतली.

‘सोपा’ हा शब्द कट्ट्यावर कोठून आला याचा आम्हीं पुष्कळ विचार केला, आणि तो या मैदानांतूनच आला असावा असें आमचें मत झालें आहे. मुंबईच्या नगरपालिकेनें १९२५ सालीं हें मैदान लोकांस खुलें केलें. तेव्हां तें माहीम पार्क होतें. १९२७ सालीं, शिवजन्माच्या त्रिशतसांवत्सरिक उत्सवाच्या सुमारास, अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्यास शिवाजी पार्क हें नांव मिळालें. त्याच्या भोंवतालची फेरी सव्वा किलोमीटराहून किंचित् कमीच भरेल. या फेरीचा मोठा गुण असा, कीं माणूस जेथें थकेल तेथें बसूं शकतो. पायांत गोळा आला तर रस्ता ओलांडला कीं घर. फेरीला चढ नाहीं आणि म्हणून उतारही नाहीं. निघालों तेथेंच पोंचावयाचें असल्यामुळें परतीचा प्रश्नच उद्भवत नाहीं. अशा भूमीवर तयार झालेल्या पायांना चढणें म्हणजेच डोंगर असें वाटावें, हें स्वाभाविक आहे. डोंगराचें अर्धें काम माथ्यावर पोंचल्यानंतर सुरू होतें, हें ज्ञान कट्ट्यावर होत नाहीं.

कलावंतिणीचें उदाहरण आम्ही मुद्दाम घेतों, कारण हा डोंगर लहान आहे. उंची सव्वादोन हजार फुटांच्या आसपास, म्हणजे कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. जुन्या मुंबई-पुणें रस्त्यावर शेडुंगच्या फाट्यानें आंत वळलें कीं ठाकूरवाडी लागते. तेथून प्रबळमाचीपर्यंत रुळलेली चढण. माचीवर ठाकरांचीं घरें, चहा, पिठलें-भाकरी. पुढें प्रबळगड आणि सुळका यांच्या मधली खिंड. आणि खिंडींतून वर कातळांत खोदून काढलेल्या पायऱ्या. पायऱ्यांना कठडा नाहीं. एका अंगास कातळ, दुसऱ्या अंगास हवा. त्या संपल्यावर माथ्याच्या पोटाशीं एक कातळाचा टप्पा आहे, आणि तेथें नवख्यास दोराची गरज पडते. सरावलेल्या माणसास यांतलें कांहींच कठीण नाहीं, हें आम्ही मान्य करतों. परंतु शनिवारच्या गाडींत बसणारीं माणसें सरावलेलीं नसतात. तीं सरावलेलीं नसतात म्हणूनच त्यांना ‘सोपा’ हा शब्द सांगावा लागतो.

आतां या वाटेवर हिवाळा काय करतो तें पाहूं. पावसाळ्यांत चिखल असतो, शेवाळ असतें, धुकें असतें. धोका डोळ्यांस दिसतो, आणि दिसतो म्हणून माणूस पाय जपून टाकतो. हिवाळ्याचा धोका कोरडा आहे. आषाढ-श्रावणाच्या पाण्यानें उतारावरची बारीक माती वाहून गेलेली असते आणि मागें मुरमाचे सुटे खडे उरतात. ओल असेपर्यंत ते एकमेकांना धरून असतात. मार्गशीर्षांत ती उडाली कीं त्यांची पकड सुटते. मग त्या वाटेवर पाऊल टाकणें म्हणजे फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाऊल टाकणें. डोंगरांत हिंडणारे याला घसारा म्हणतात. चढतांना तो फारसा जाणवत नाहीं, कारण अंगाचा भार पुढें, चवड्यावर असतो. उतरतांना माणूस भीतीनें मागें रेलतो, टांच टेकतो, आणि टांचेखालचे खडे चालूं लागतात. गवताचेंही तसेंच. भाद्रपदांत कमरेएवढें असलेलें हिरवें गवत आतां पिवळें पडून आडवें झालेलें असतें. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांनीं त्याच्या काड्या उताराच्या दिशेनें झोंपलेल्या असतात, आणि त्या काड्या तुळतुळीत असतात. त्यांच्याखालीं वाट आहे कीं वाटेची कड, हें कळत नाहीं. आधाराला म्हणून मूठभर गवत धरावें तर तें काडीकाडीनें तुटून हातांत येतें. पहाटेचें दंव कातळावर पडतें आणि ऊन पोंचेपर्यंत वाळत नाहीं. सूर्योदय पाहण्यासाठीं धांवलेली मंडळी नेमकी त्याच वेळीं कातळावर असते.

पाण्याची गोष्ट त्याहून फसवी आहे. सुळक्यावर पाणी नाहीं. असेल तें आपल्या पाठीवर. गार वाऱ्यांत घाम अंगावरच वाळून जातो, तहान लागल्याचें समजत नाहीं, आणि भरलेली बाटली तशीच माचीपर्यंत परत येते. मग दुपारीं, नेमक्या उतारावर, पोटऱ्यांत गोळे येतात. त्यांतच दिवस लहान. डिसेंबराच्या अखेरीस आपल्या अक्षांशावर दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. जूनच्या अखेरीस तो सव्वातेरा तासांचा असतो. पावसाळ्याच्या तोंडाशीं हाताशीं असलेला दोन तासांहून अधिक उजेड हिवाळा गुपचूप काढून घेतो. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आणि दरीच्या पोटांत अंधार त्याच्याही आधीं उतरतो. मुंबईकराची थंडीची कल्पना तर विचारूंच नये. सांताक्रूझच्या वेधशाळेंत आजवरचें सर्वांत कमी तपमान ७.४ अंश नोंदलें गेलें, तें २२ जानेवारी १९६२ रोजीं. म्हणजे या शहरांतल्या बहुसंख्य लोकांनीं खरी थंडी आयुष्यांत पाहिलेलीच नाहीं. त्यांतल्या एखाद्यास उघड्या खिंडींत रात्र काढावयाची वेळ आली, तर खांद्यावरची शाल त्याला किती पुरेल?

मागल्या पौषांत ही वेळ आमच्या अगदीं शेजारीं आली. आमच्या इमारतींतले एक गृहस्थ, वय पंचेचाळिशीच्या आंतबाहेर, प्रकृति उत्तम, मैदानाची फेरी कधीं न चुकविणारे. शनिवारीं रात्रीं त्यांची गाडी निघाली. तीनच्या सुमारास ठाकूरवाडीस पोंचली. झोंप म्हणाल तर गाडींत बसल्याबसल्या मिळाली तेवढी. अंधारांत चढून सूर्योदय गांठावा असा बेत होता. तो साधला नाहीं, कारण पायऱ्यांवर रांग होती. या रांगेचा हिशेब कोणींतरी करावयास हवा. पायऱ्यांवरून एका वेळीं एकानेंच नीट जावें अशी ती वाट. समजा, माथ्यावर जाणारीं दोनशें माणसें आहेत, आणि कातळाच्या टप्प्यावर प्रत्येकाला अर्धा मिनिट लागतो. तर नुसत्या चढण्यालाच शंभर मिनिटें झालीं. तितकींच उतरण्याला. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले कीं हा हिशेबही कोलमडतो, आणि माणसें पायरीवर, उन्हांत, पाठ कातळाला लावून उभीं राहतात. उतरून खिंडीच्या खालीं यावयाला आमच्या शेजाऱ्यांना दुपारचे तीन वाजले. बारा तास ते पायांवर होते. खिंडीखालच्या घसाऱ्यावर त्यांची टांच सरकली आणि घोटा मोडला. पडले ते अवघे चार हात, हें त्यांचें दैव.

नेणाऱ्या मंडळींत म्होरके दोघे आणि माणसें अडतीस. त्या दोघांपैकीं एक पुढल्या तुकडीबरोबर केव्हांच खालीं गेला होता. दुसऱ्यानें भ्रमणध्वनीवरून बराच वेळ कोणाकोणाशीं बोलणें केलें, आणि मग मोठ्या अदबीनें सांगितलें, कीं बाकीच्यांना सोमवारीं कचेऱ्या आहेत, गाडी थांबवितां येणार नाहीं, मात्र ‘गांवांतल्या लोकांना सांगून ठेवलें आहे’. गांवांतले लोक आले. माचीवरचे चौघे ठाकर, एक बांबू आणि एक घोंगडी. घोंगडीची झोळी करून त्यांनीं तो सत्तर किलोंचा देह अंधारांतून ठाकूरवाडीस आणला. आम्ही पनवेलच्या दवाखान्यांत पोंचलों तेव्हां रात्रीचे अकरा वाजून गेले होते. चौघांपैकीं दोघांच्या पायांत साध्या रबरी चपला होत्या. त्यांनीं काय मागितलें? कांहीं नाहीं. काय मिळालें, तें लिहावयास लाज वाटते. नेणाऱ्या मंडळींनीं त्याची चौकशीदेखील केली नाहीं. पुढल्याच आठवड्यांत त्याच मंडळींची त्याच डोंगराची जाहिरात पुन्हां फिरूं लागली. श्रेणी : सोपी. नवोदितांस योग्य.

यावर कट्ट्यावरून आम्हांस तीन उत्तरें मिळालीं. पहिलें उत्तर इतिहासाचें आहे. माघांतल्या काळोख्या रात्रीं मावळे सिंहगडाचा कडा चढले. आणि तुम्ही पायऱ्यांना भितां? सिंहगडाची ती रात्र ४ फेब्रुवारी १६७० ची, म्हणजे ऐन थंडीची, हें खरें. पण ते मावळे त्याच डोंगरांच्या कुशींत वाढले होते. कड्यावर जाण्यासाठीं त्यांना शनिवारची वाट पाहावी लागत नव्हती. दुसरें असें, कीं त्या कथेंतला जो भाग आमच्या शाळांनीं पोरांच्या हाडींमासीं भिनविला आहे, तो परतीचे दोर कापल्याचा. मागें फिरण्याची वाटच उरली नाहीं म्हणून मावळे लढले, आणि गड आला. युद्धांत ही नीति शोभते. परंतु रविवारच्या सहलीला निघालेल्या कारकुनाच्या डोक्यांत हीच गोष्ट बसली म्हणजे मागें फिरणें त्याला भ्याडपणाचें वाटूं लागतें. पाय थरथरत असतांही तो ‘आतां एवढें आलोंच आहों’ म्हणून कातळाला हात घालतो. १९९६ च्या मे महिन्यांत एव्हरेस्टवर जे आठ जण वादळांत सांपडून मेले, त्यांतले कित्येक तरबेज गिर्यारोहक होते. दुपारीं अमुक वाजतां, जेथें असूं तेथून मागें वळावयाचें, असें त्यांच्या तुकड्यांत आधींच ठरलें होतें. शिखर समोर दिसत होतें म्हणून ती वेळ टळली, आणि तुफान आलें तेव्हां माणसें अजून उतरत होतीं. एकोणतीस हजार फुटांवर जी चूक घडते ती सव्वादोन हजार फुटांवर घडत नाहीं, असें कोणीं सांगितलें? आमच्या शेजाऱ्यांच्या तुकडींत तर परतीची वेळ ठरलेलीच नव्हती.

दुसरें उत्तर कारखानदारीचें. पायऱ्यांना लोखंडी कठडे लावा, वाट सिमेंटची करा, दिवे लावा, म्हणजे प्रश्न मिटला! थोडक्यांत, डोंगराचें शिवाजी पार्क करा. या मंडळींच्या तोंडीं महाराजांचें नांव दर वाक्याला असतें, म्हणून त्यांना रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राची आठवण करून देतों. १७१५ च्या सुमाराच्या त्या ग्रंथांत दुर्गांचें प्रकरण आहे. किल्ला बांधण्यापूर्वीं डोंगरावर पाणी आहे कीं नाहीं तें पाहावें, असें अमात्य सांगतात. आणि गडावर येणारा मार्ग सुगम असेल तर तो मोडून, झाडी वाढवून, दुसरीकडून कठीण मार्ग घालावा, असेंही सांगतात. हा उपदेश शत्रूसाठीं होता, पाहुण्यासाठीं नव्हे, हें आम्हांस कळतें. तथापि पायऱ्या उघड्या आहेत हा कोणा ठेकेदाराचा हलगर्जीपणा नव्हे, एवढें तरी यावरून ध्यानीं यावें. कठड्यानें माणूस पायरीवरून पडणार नाहीं, हें कबूल. पण कठडा लागला म्हणजे दोनशेंच्या जागीं पांचशें माणसें जातील, आणि घसारा, गवत, तहान व अंधार यांना कठडा कसा लावणार, हें कोणीं सांगत नाहीं.

तिसरें उत्तर सरकारकडे बोट दाखविणारांचें. सरकारनें बंदी घालावी. दर पावसाळ्यांत ठिकठिकाणचे जिल्हाधिकारी धबधबे आणि किल्ले यांवर मनाईहुकूम काढतातच. त्यांचा उपयोग किती होतो हा भाग वेगळा. त्यांचा एक दुष्परिणाम मात्र आम्हांस स्पष्ट दिसतो. हुकूम उठला कीं लोक समजतात, धोका उठला. मनाई नाहीं त्या अर्थीं डोंगर निर्धोक आहे, असा दाखलाच जणुं सरकारनें दिला! २०१८ सालीं राज्य सरकारनें साहसी उपक्रमांसाठीं सुरक्षिततेचे नियम काढले. २०२१ सालीं साहसी पर्यटनाचें धोरण जाहीर झालें, आणि त्यांत संयोजकांच्या नोंदणीची तरतूद आहे. नियम कागदावर आहेत. शनिवारच्या गाडींत चढतांना आपल्यापैकीं कितीजण संयोजकाला विचारतात, कीं तुमची नोंदणी झाली आहे काय? भाजी घेतांना वांगें दाबून पाहणारा आमचा दादरकर येथें मात्र अगदीं भोळा होतो.

पण या वादांत ज्यांचें नांवही निघत नाहीं तीं माणसें माचीवर राहतात. प्रबळगडाच्या शेजारीं इर्शाळगड आहे. त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्रीं दरडीखालीं गेली. सत्तावीस मृतदेह हातीं आले; सत्तावन्न माणसें बेपत्ताच राहिलीं. ही घटना पावसाळ्यांतली, म्हणून आमच्या प्रतिपक्षाला ती आपल्या बाजूची वाटेल. आम्ही ती वेगळ्या कारणासाठीं सांगतों. इर्शाळगडाला जाणाऱ्या मुंबईकरांची वाट या वाडीवरून जात असे. तेथल्या अंगणांत त्यांनीं पाठीवरचीं ओझीं उतरविलीं होतीं. वाडीला रस्ता नव्हता. यंत्रें वर नेतां आलीं नाहींत, मदत पायीं गेली, आणि ती चढण चढतांना अग्निशामक दलाचा एक अधिकारी हृदयक्रिया बंद पडून वारला. खोपोलीचे यशवंती हायकर्स आणि लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र यांच्यासारखे स्वयंसेवक अशा वेळीं हातचीं कामें टाकून धांवतात. पण त्यांनाही खालून वर यावें लागतें, आणि तोंवर जखमी माणसापाशीं कोण असतें? माचीवरचा ठाकर असतो. ज्या वाड्यांना स्वतःच्या आजाऱ्याला झोळींत घालून खालीं न्यावें लागतें, त्यांच्याच खांद्यावर आम्ही हिवाळ्याच्या दर रविवारीं आमचे घोटे आणि गुडघे टाकतों, आणि वर पुन्हां त्यांच्या पिठल्याला मीठ कमी होतें असें लिहून कळवितों. त्यांच्या उतारावरचें वाळलेलें गवत हेंच गुरांचें वर्षाचें वैरण. आमच्या शेकोटीची एक ठिणगी त्यांत पडली तर वणवा विझवावयाला शिवाजी पार्काहून कोणीं जाणार नाहीं.

तेव्हां आमचें भांडण डोंगराशीं नाहीं, तरुणांशीं नाहीं, आणि थंडीशीं तर मुळींच नाहीं. तें ‘सोपा’ या शब्दाशीं आणि तो विकणारांशीं आहे. हिवाळ्यांतला कलावंतीण कोणासाठीं सोपा, किती वाजेपर्यंत सोपा, रांगेंत कितवें माणूस असेपर्यंत सोपा, हें जाहिरातींत छापावें. रात्रभर न झोंपलेल्या माणसाला अंधारांत वर नेऊं नये. सूर्योदय माचीवरूनही दिसतो. पहिल्यानेंच आलेल्याला खिंडीपर्यंत नेऊन परत आणलें तर त्याचे पैसे बुडाले असें कोणीं मानूं नये. शेवटच्या माणसाच्या मागें एक म्होरक्या असावा, आणि तो शेवटच्या माणसाच्या मागेंच राहावा. जायबंदी झालेल्याला वाहून आणणारांची मजुरी काय, ती कोण देणार, हें गाडी निघण्यापूर्वीं ठरलेलें असावें. मागाहून खिसे चांचपून तें ठरविणें हा माचीवरच्या लोकांचा अपमान आहे.

आमच्या शेजाऱ्यांचा घोटा बरा झाला असून ते पुन्हां फेरीला येऊं लागले आहेत. ज्या घोंगडीच्या झोळींतून ते उतरले ती त्या रात्रीं घाईंत त्यांच्याबरोबर दादरला आली. ती धुऊन, घडी करून ठेवली आहे. येत्या मार्गशीर्षांत ती परत द्यावयाला आम्ही दोघे माचीपर्यंत जाणार आहों; सकाळच्या गाडीनें निघूं, आणि दुपारीं दोनच्या आंत उतरावयाला लागूं. त्याच दिवशीं शिवाजी पार्काहून येणारी गाडी तेथें उभी असेल, तर तिच्या म्होरक्याला आम्ही परतीची वेळ विचारणार आहों.